ट्रायसोमी १८: बाळंतपणाच्या फाईलमध्ये नेमकं काय लिहून ठेवावं?

वेलांटी
३१वा आठवडा. ॲम्नियोच्या (पोटातलं पाणी काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये पूर्ण ट्रायसोमी १८, म्हणजे १८व्या गुणसूत्राची एक जादा प्रत; मोझेक (फक्त काही पेशींत) नाही. सोनोग्राफीत हृदयाला मोठं छिद्र, वाढ मागे, गर्भाशयातलं पाणी जास्त. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय हवं ते लिहून आणा." सिझर हवं की नको, एवढंच लिहायचं असतं का?

निवडुंग
सिझर नंतर. आधी ठरवा, कळा चालू असताना ठोक्यांचं मशीन लावायचं का. या बाळांचे ठोके कळांमध्ये वारंवार घसरतात. पट्टा लावलेला असला की ते कागदावर दिसतं आणि ड्यूटीवरची टीम सवयीने ऑपरेशनच्या तयारीला लागते. त्या सिझरने छिद्र बुजत नाही की मधूनच श्वास थांबायचा थांबत नाही, आईच्या गर्भाशयावर मात्र व्रण राहतो. त्यामुळे "बाळासाठी सिझर नको" असं ठरलं असेल तर "सतत मशीन नको" हेही त्याच ओळीत लिहा. एक लिहिलं आणि दुसरं राहिलं की रात्री शिफ्ट बदलल्यावर गोंधळ ठरलेला.

उलट बाजूही आहे. यातली बरीच बाळं पोटात किंवा कळांमध्येच जातात. थोडा वेळ का होईना, बाळ जिवंत हातात यावं ही सगळ्यात मोठी इच्छा असेल, तर मशीन आणि सिझर दोन्ही मागण्यात काही चूक नाही. आईसाठी लागणारं सिझर (वार गर्भाशयाच्या तोंडाशी, बाळ आडवं) या चर्चेत धरूच नका.

टाचणी
पाणी जास्त आहे याकडे दुर्लक्ष नको. पिशवी फुटली की लोंढा येतो, बाळाचं डोकं वर तरंगत असेल तर नाळ आधी खाली घसरते. घरी पाणी गेलं तर चालत फिरू नका. कुशीवर आडवं होऊन दवाखाना गाठा. ताणलेलं गर्भाशय नंतर नीट आकसत नाही, म्हणून रक्तस्रावाची तयारी हवी: सलाईनची सुई आधीच लावलेली, बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन).

आणि सोनोग्राफीत बाळाच्या जठराचा (पाण्याने भरलेला) फुगा दिसतो का, ते विचारा. दिसत नसेल तर अन्ननलिका बंद असू शकते. जन्मल्यावर तोंडातून घातलेली नळी दहा-अकरा सेंटिमीटरवर अडली तर दूध पाजायचं नाही, लाळ सक्शनने काढत राहायची.

वेलांटी
कृत्रिम श्वास नको म्हटलं तर बाळाला नुसतं बाजूला ठेवतात का?

निवडुंग
नाही. पुसणं, टोपी, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण: हे सगळं होतंच, आणि तेही लिहा, नाहीतर बाळ सवयीने नवजात विभागाच्या काचेच्या पेटीत जातं. "काही करू नका" असं मोघम लिहू नका, पायऱ्या लिहा. उदा. "मास्कने श्वास द्यावा, त्याने ठोके वाढले नाहीत तर घशात नळी नको, छाती दाबणं नको, बाळ आईकडे." हनुवटी लहान असल्याने नळी घालणं तसंही अवघड जातं. नळी हवीच असेल तर किती प्रयत्न, तेही लिहा. धाप लागली तर गालाच्या आत मॉर्फिन देता येतं. डोस अंदाजे वजनावरून आधीच फाईलमध्ये लिहून घ्या, ऐनवेळी डॉक्टर शोधत बसावं लागू नये.

सगळे उपचार करायचे असतील तर नवजात तज्ज्ञांना आत्ताच भेटा. साधारण दहातलं एक बाळ पहिला वाढदिवस बघतं, म्हणून घरी न्यायचं झालं तर नळीने दूध कोण शिकवणार, हाही प्रश्न विचारून ठेवा.

कोयरी
वाचणाऱ्यांपैकी कुणाचा रिपोर्ट ट्रायसोमी २१चा (डाऊन सिंड्रोम) असेल तर वरचं ठोक्यांचं गणित तुम्हाला लागू नाही. मशीन, सिझरची कारणं, सगळं नेहमीसारखंच. जन्मानंतर हृदयाची इको (सोनोग्राफी) आणि रक्ताची पूर्ण तपासणी मागा. ट्रायसोमी १३ असेल तर आईचं बीपी जास्त वेळा मोजून घ्या.

टाचणी
दोन गोष्टी राहिल्या. बाळ गेलं तरी तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध भरतं. ते थांबवायची कॅबरगोलिनची गोळी पहिल्याच दिवशी घेतात, पण बीपी वाढलेलं असेल तर चालत नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत आईला अँटी-डी (पुढच्या गरोदरपणात रक्तगटाचा त्रास टाळणारं इंजेक्शन). बाळ गेलेलं असलं की हे इंजेक्शन हमखास विसरलं जातं. सगळं एका पानात बसवा, सही घ्या आणि एक प्रत लेबर रूममध्ये, एक नवजात विभागात, एक आपल्या पिशवीत. कपडे दीड-दोन किलोच्या बाळाला होतील असे घ्या, नेहमीचे पहिल्या महिन्याचे ढगळ होतात.