अनुभव धागा: २ ऑगस्टचा मेळावा आणि आपला लाल बावटा

दरवर्षी २ ऑगस्टला शेतकरी कामगार पक्षाचा वर्धापनदिन. ऐन पावसात, आवणीची कामं उरकून आपण जातो. २०२४ च्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार आला, तोही सांगोल्यातून. ज्या रायगडात खोतांविरुद्ध चरीचा शेतकरी संप झाला, तिथून एकही नाही. तरी तुम्ही का जाता, परतताना मनात काय असतं, ते लिहा. नेत्यांची उणीदुणी नकोत, स्वतःचं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. आठवीत असताना वडिलांबरोबर टेम्पोतून पहिल्यांदा गेलो. भाषण एकही आठवत नाही. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला आपल्या इरल्यात घेतलं आणि वडिलांना 'भाई' म्हणून हाक मारली, पक्षात एकमेकांना म्हणतात तशी, ते आठवतं. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांना असं मानाने कोणी बोलावलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.
(अलिबाग)

जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात जासई-नवघरला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. माझी आई त्या गर्दीत होती, मी तिच्या पोटात. आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. आमचं आजचं घर त्याच प्लॉटवर आहे. आई परवापरवापर्यंत मेळाव्याला यायची. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी घरी आले की पहिलं विचारते, "किती माणूस होता गं?" मागच्या वेळी मी आकडा वाढवून सांगितला. तिला कळलं. काही बोलली नाही, पण रात्री नीट जेवली नाही.
(उरण)

मी तीन वर्षं जात नाही. ज्याच्यासाठी रात्री जागून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, तो निवडून आल्यावर वर्षभरात सत्तेकडे गेला. पुन्हा त्या मंडपात बसायला मन होत नाही. बिल्ला अजून कपाटात आहे.
(पेण)

२०२५ चा मेळावा आमच्या पनवेलला झाला. राज ठाकरे पाहुणे होते. गर्दी बघून ऊर भरून आला, पण शेजारच्या पोरांना विचारलं तर ती राजसाहेबांना ऐकायला आलेली. जमिनी हातातून चालल्यात हे त्या पोरांनाही कळतं. मग आपल्या पक्षात त्यांना ऐकावासा वाटेल असा तिशीतला एकतरी भाई व्यासपीठावर का नाही? हे मी तालुक्याच्या बैठकीतही विचारलंय आणि विचारत राहणार.
(पनवेल)

आबासाहेब, म्हणजे आमचे गणपतराव देशमुख, ३० जुलै २०२१ ला गेले. वर्धापनदिन तीन दिवसांवर होता. अकरा वेळा निवडून दिलेला आमचा माणूस. त्याआधी २०१९ ला ते उभे नव्हते आणि जागा ७६८ मतांनी गेली. त्या रात्री आमच्या वस्तीवर चूल पेटली नाही. पुढच्या वेळी आम्ही यादी घेऊन बसलो. मागच्या खेपेला कोण मतदानाला आलं नव्हतं, ते घरोघर जाऊन विचारलं. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना फोन केले, काहींना गाडीभाडं दिलं. २०२४ ला आबासाहेबांच्या नातवाने जागा परत आणली. रायगडच्या भावांनो, तुमच्याकडे माणसं आमच्यापेक्षा जास्त आहेत. यादी काढा.
(सांगोला)

पेणचे भाई, यंदा माझ्या गाडीत एक जागा रिकामी आहे. सकाळी रामवाडीला येऊन थांबतो. मंडपात नाही बसलात तरी चालेल, आपण बाहेर उभे राहू.
(अलिबाग)