मदत हवी आहे: गोठवलेल्या भ्रूणांचं काय करावं?

रत्नागिरीकर मंडळी, सल्ला हवाय. आयव्हीएफनंतर आमचे काही भ्रूण लॅबमध्ये गोठवलेले आहेत. एक मुलगी झाली, आम्हाला पुरे. पण साठवणीचं बिल आलं की सासूबाई म्हणतात, "ती आपलीच पोरं, टाकायची कशी?" नवरा आंब्याच्या फवारणीत, गप्प.

2021 च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या उपचारांबद्दलचा कायदा) भ्रूण 10 वर्षांपर्यंतच ठेवता येतात. पुढे नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर संमतीने संशोधनाला द्यायचे. अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये एका दाव्यात असे भ्रूण मूलच धरले. आपल्या हिंदू वारसा कायद्यात पोटातल्या बाळाला वाटा आहे, पण ते जिवंत जन्मलं तरच. (लगेच सातबाऱ्यावर नावं चढवू नका हो!)

मला ती माणसं वाटत नाहीत, पण नुसत्या पेशीही वाटत नाहीत. कुणी संशोधनाला दिलेत का? घरच्यांना काय सांगितलंत?