एएमसी चालू आहे तरी 'सपोर्ट संपला' म्हणजे नक्की काय?

सांगलीकर_सर्व्हर:
नमस्कार मंडळी. आमची पतसंस्था आहे, सात शाखा, आयटी मी एकटाच बघतो. मेन सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2012 आर2 आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हर 2014 हा डेटाबेस आहे, सॉफ्टवेअर एका लोकल कंपनीचं आणि त्यांची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आम्ही दरवर्षी वेळेवर भरतो. यंदा ऑडिटरने शेरा मारलाय की विंडोज आणि डेटाबेस दोन्ही सपोर्टबाहेर गेलेत. कंपनीला फोन केला तर म्हणतात एएमसी आहे ना, सपोर्ट आमचा आहेच, चालतंय ते कशाला हलवता. सोमवारी संचालक मंडळाची मीटिंग आहे आणि चेअरमन साहेब मलाच विचारणार, पैसे भरतोय तर सपोर्ट संपला कसा? सभासदांचे पैसे आहेत हो, मला खरंच काळजी वाटतेय.

जुना_डीबीए:
ऑडिटर बरोबर आहे. एएमसी म्हणजे तुमचा रिपोर्ट चुकला, व्याज चुकीचं लागलं, तर ती कंपनी येऊन दुरुस्त करणार. पण विंडोजमध्ये किंवा एसक्यूएलमध्येच भोक सापडलं तर ते बुजवणं त्यांच्या हातात नाही, ते फक्त मायक्रोसॉफ्ट करू शकतं, आणि त्यांची तारीख वेगळी चालते. सर्व्हर 2012 आर2 चा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, एसक्यूएल 2014 चा 9 जुलै 2024 ला.

या प्रॉडक्टना साधारण 5 वर्षं मेनस्ट्रीम आणि पुढची 5 एक्स्टेंडेड मिळतात. मेनस्ट्रीममध्ये साधे बगसुद्धा दुरुस्त होतात, एक्स्टेंडेडमध्ये मुख्यतः सिक्युरिटी पॅच, म्हणजे अशी भोकं बुजवणारे अपडेट, तेवढे. दहा वर्षं भरली की तेही बंद. त्यानंतर पैसे भरून ईएसयू नावाचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, जास्तीत जास्त 3 वर्षं, 2012 आर2 साठी ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. आणि ते स्वतःच्या ऑफिसातल्या मशीनसाठी घ्यायचे तर सॉफ्टवेअर अश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचं लायसनसोबत जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर) लागतं, छोट्या संस्थेकडे ते बहुतेक नसतंच. त्यामुळे तो पैसा नवीन लायसनमध्ये घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

'चालतंय ना' म्हणणाऱ्यांना 2017 ची आठवण करून द्या. वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस मे महिन्यात पसरला, सपोर्टमधल्या विंडोजसाठी पॅच मार्चमध्येच आला होता, पण जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट 2014 ला संपलेला, त्यामुळे एक्सपीवाल्यांसाठी पॅच सगळ्यांना खुला झाला तो हल्ला झाल्यावर. एक्सपी तोपर्यंत चालतच होतं की.

पुणे_लिनक्स:
आणि फुकटवाल्यांनीही निवांत राहू नये. आम्ही सेंटओएस 8 या फुकट लिनक्सवर सगळं हलवलं होतं, 2029 पर्यंत बघायला नको म्हणून, आणि 8 डिसेंबर 2020 ला जाहीर झालं की 8 व्हर्जन 2021 च्या अखेरीस बंद. जुनं 7 मात्र ठरल्याप्रमाणे 30 जून 2024 पर्यंत चाललं, म्हणजे नवीन घेतलेलं आधी गेलं! तेव्हापासून मी प्रत्येक सर्व्हरची तारीख एका शीटमध्ये ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी परत तपासतो. ओरॅकल डेटाबेस वापरणाऱ्यांनी अजून एक शब्द लक्षात ठेवा, सस्टेनिंग सपोर्ट. ऐकायला छान वाटतं, पण त्यात नवीन सिक्युरिटी पॅच येत नाहीत, जुने पॅच आणि मदत तेवढी मिळते.

कोल्हापूर_सपोर्ट:
दादा, मी अशाच दोन पतसंस्थांचं काम केलंय. पहिली गोष्ट, कंपनीकडून लेखी घ्या की त्यांचं सॉफ्टवेअर कुठल्या विंडोजवर आणि कुठल्या एसक्यूएलवर चालतं, तोंडी नको. मग तारखा शेजारी शेजारी मांडा: सर्व्हर 2022 ऑक्टोबर 2031 पर्यंत, एसक्यूएल 2022 जानेवारी 2033 पर्यंत, दोन्हींत जी आधी ती तुमची खरी तारीख. त्या हिशोबाने दरवर्षी थोडी तरतूद बाजूला ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी एकदम मोठं कोटेशन बघून मंडळ घाबरणार नाही.

एसक्यूएल 2014 चा बॅकअप 2022 वर रिस्टोअर होतो. कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कुठल्या व्हर्जनसारखा वागतो ते) 120 च, म्हणजे 2014 चीच राहते, आधी तशीच ठेवा, व्याज आकारणी, ताळेबंद, पिग्मी एजंटच्या मशीनचा डेटा सगळं जुळलं की मग वाढवा. पण 2022 चा बॅकअप 2014 वर परत जात नाही हे पक्कं ध्यानात ठेवा. नवीन सर्व्हरवर एक दिवस जरी एंट्र्या झाल्या तरी मागे फिरताना त्या हाताने माराव्या लागतात, म्हणून आधी ट्रायल, आणि मार्च एंडच्या आसपास तर अजिबात नको.

सांगलीकर_सर्व्हर:
खूप आभार सगळ्यांचे, एएमसी आणि मायक्रोसॉफ्टची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या हेच मला नीट मांडता येत नव्हतं. कंपनीला आत्ताच मेल टाकला, लेखी मागितलंय. ट्रायलसाठी जुना डेस्कटॉप आहे 16 जीबी रॅमचा, त्यावर विंडोज 10 च आहे, एसक्यूएल 2022 डेव्हलपर एडिशन टाकून रिस्टोअर करून बघू का?

कोल्हापूर_सपोर्ट:
चालेल, डेव्हलपर एडिशन टेस्टिंगला फुकट आहे, फक्त त्यावर रोजचं काम चालवू नका. आणि खरा सभासदांचा डेटा आहे त्यात, तर त्या डेस्कटॉपचं इंटरनेट काढून ठेवा.