हॅलो प्लेस्टेशनवर येतोय, मग मी एक्सबॉक्स कशाला घेतला? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

अद्वैत: हॅलो हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा व्हिडिओ गेम आता सोनीच्या प्लेस्टेशनवर येतोय. ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालं तेव्हा मला अफवाच वाटली होती. पण खरं आहे, 'कॅम्पेन इव्हॉल्व्ड', म्हणजे पहिल्या हॅलोचा नवा अवतार, प्लेस्टेशन 5 वर पण आहे, 2026 साठी जाहीर केलाय. आज वर्गात परत तोच विषय निघाला आणि सगळे म्हणाले, एक्सबॉक्स घेतलास तेच चुकलं. खरंच वाईट वाटतंय.

सुनीता: अरे पण तुझ्याकडचा खेळ कोणी काढून घेतला का? दुसऱ्यांनाही मिळाला, एवढंच ना?

अद्वैत: आत्या, तसं नाही गं. हॅलोसाठीच तर एक्सबॉक्स घेतला होता. आता त्यांच्याकडे हॅलोही असणार आणि स्पायडरमॅनही. माझ्याकडे स्पायडरमॅन कुठेय?

सुनीता: हां, मग तुझं म्हणणं पटलं.

शेखर: अद्वैत, तुझी तक्रार रास्त आहे. फक्त एक जुनी गोष्ट सांगतो. हॅलो 1999 मध्ये लोकांना पहिल्यांदा दाखवला तो स्टीव्ह जॉब्सनं, अ‍ॅपलच्या मॅक संगणकांच्या मॅकवर्ल्ड मेळ्याच्या मंचावर. खेळ बंजी नावाच्या स्टुडिओचा. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं बंजी विकत घेतली आणि नोव्हेंबर 2001 मध्ये हॅलो पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आला. मॅकवाल्यांना 2003 पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे तो जन्मतः एक्सबॉक्सचा नव्हताच. पैसे मोजून तिकडे नेला.

आबा: तेव्हा पैसे मोजून नेला, मग आता का सोडतायत?

शेखर: आबा, कारण मायक्रोसॉफ्टला कन्सोलच्या, म्हणजे खेळाच्या यंत्राच्या, विक्रीत काही सुटत नाही. 2021 मध्ये न्यायालयात त्यांच्याच अधिकाऱ्यानं साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही. कमाई खेळांवर. दुसऱ्या कंपनीचा खेळ तुमच्या कन्सोलवर विकला गेला की शंभरातले साधारण तीस तुमचे. हा टोलनाका आहे. एक्सक्लुझिव्ह खेळ, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणारा, हे लोकांनी आपल्याच नाक्यावरून जावं म्हणून दाखवलेलं आमिष. सोनीकडे गाड्यांची रांग आहे, मायक्रोसॉफ्टच्या नाक्यावर कमी. त्यातून ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही खेळ बनवणारी कंपनी घेतली, 6870 कोटी डॉलरला. एवढा पैसा घातल्यावर खेळ फक्त आपल्याच घरात ठेवून कसा वसूल होणार?

सुनीता: म्हणजे स्पर्धकाच्या दुकानात माल ठेवायचा आणि त्यालाच हिस्सा द्यायचा?

शेखर: अगदी तेच, ताई. तीस सोनीचे, पण उरलेले सत्तर तर येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये आधी चार छोटे-मध्यम खेळ दुसऱ्यांच्या कन्सोलवर द्यायचं जाहीर केलं: पेंटिमेंट, हाय-फाय रश, ग्राउंडेड, सी ऑफ थीव्ज. एप्रिल 2025 मध्ये इंडियाना जोन्स आणि फोर्झा होरायझन 5 गेले, ऑगस्टमध्ये गिअर्स ऑफ वॉर. हॅलोचा नंबर येणारच होता.

अद्वैत: पण मग सोनी का नाही देत? स्पायडरमॅन एक्सबॉक्सवर द्यायला त्यांना काय झालं? हा अन्याय आहे.

शेखर: सोनी देते, पण निवडून. ज्या खेळाला सतत गर्दी लागते, तो सगळीकडे. हेलडायव्हर्स 2 फेब्रुवारी 2024 मध्ये प्लेस्टेशनवर आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि 12 आठवड्यांत 1 कोटी 20 लाख प्रती खपल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तोच एक्सबॉक्सवर आला. तू खेळतोस की! एकट्यानं खेळायचे कथेचे खेळ मात्र आधी फक्त प्लेस्टेशनवर. स्पायडरमॅन 2018 चा, पीसीवर आला 2022 मध्ये. गॉड ऑफ वॉरही 2018 चा आणि तोही पीसीवर 2022 मध्येच. ज्याला धीर नाही तो कन्सोल घेतो, ज्याला आहे तो चार वर्षांनी पीसीवर घेतो. दोघांकडून पैसे.

शेखर: आणि त्यांना ते लागतातही. 2023 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनच्या त्या खरेदीवरच्या खटल्यात सोनीनं न्यायालयात जे कागद दिले, त्यातले गुप्त आकडे काळ्या मार्करनं खोडले होते. स्कॅन झालं तर मार्करखालचे अंक दिसतच राहिले. द लास्ट ऑफ अस पार्ट 2 चा खर्च 22 कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टचा 21 कोटी 20 लाख. ते कागद मी मोठे करून वाचले होते. एका खेळाला इतका खर्च असेल तर एकाच कन्सोलच्या गिऱ्हाइकांवर तो किती दिवस पेलणार?

आबा: आणि ती मारिओवाली कंपनी?

शेखर: निन्टेन्डो वेगळी आहे आबा. ती हलत नाही. वी यू नावाचं त्यांचं यंत्र साफ पडलं, जेमतेम 1 कोटी 35 लाख विकलं गेलं. दुसरी कंपनी असती तर मारिओ घेऊन बाकीच्यांच्या दारात गेली असती. सेगानं 2001 मध्ये तेच केलं, ड्रीमकास्ट हे आपलं यंत्र बंद केलं आणि त्याच वर्षी त्यांचा सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर दिसला. निन्टेन्डोनं मात्र वी यूवरचा मारिओ कार्ट 8 उचलला आणि 2017 मध्ये स्वतःच्याच नव्या स्विचवर नेला. तिथे तो 6 कोटींच्या वर खपला. खेळ आणि यंत्र दोन्ही एकाच घरात घडतं त्यांच्याकडे. 2016 मध्ये एक मारिओ फोनवर दिला होता, पण मुख्य मारिओ नाही.

सुनीता: मुक्ता, तू कधीची ऑनलाइन दिसतेयस. तुझा तर हाच व्यवसाय आहे. बोल की.

मुक्ता: आई, लिहीतच होते, मोठं झालं म्हणून वेळ लागला. शेखरमामा, तुझा हिशोब बरोबर आहे, पण मी स्टुडिओत टेस्टिंग करते, मला ही गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसते. 'सगळ्यांना द्या' म्हणणं सोपं आहे. एक खेळ तीन कन्सोलवर जाणार म्हणजे तो तीनदा तपासायचा, प्रत्येक कंपनीची नियमावली वेगळी. मी काय करते सांगू? खेळ ऐन रंगात आला की एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे सेल काढते. खेळ तिथल्या तिथे थांबला पाहिजे, 'कंट्रोलर जोडा' असं पडद्यावर आलं पाहिजे, सेल परत घातले की पुढे सुरू झाला पाहिजे. हे मेनूत, लढाईत, गोष्टीचा व्हिडिओ चालू असताना, सेव्ह होत असताना, सगळीकडे. मग बटणं. 'ए' निन्टेन्डोवर उजवीकडे असतं, एक्सबॉक्सवर खाली, आणि प्लेस्टेशनवर अक्षरंच नाहीत, फुली, गोल, चौकोन, त्रिकोण. शेकडो पडद्यांपैकी एकावर जरी चुकीचं चिन्ह राहिलं तरी नापास. आणि सगळ्यात दुबळं यंत्र जे असेल त्यात खेळ बसवायचा. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये 16 जीबी मेमरी, धाकट्या सिरीज एसमध्ये 10. बाल्डर्स गेट 3 प्लेस्टेशनवर सप्टेंबर 2023 मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण दोघांनी एका पडद्यावर खेळायची सोय सिरीज एसवर बसेना. शेवटी त्या यंत्रावर ती सोय वगळूनच खेळ दिला. एकाच यंत्रासाठी काम करणाऱ्या टीमला हे सगळं एकदाच करावं लागतं. तिचा वाचलेला वेळ खेळात जातो, आणि तो दिसतो. म्हणून एक्सक्लुझिव्ह म्हटलं की मला लगेच राग येत नाही.

अद्वैत: मग ताई, तू सोनीच्या बाजूनं?

मुक्ता: नाही रे, कुणाच्याच नाही. माझा प्रश्न एकच असतो. कंपनीनं पैसे खेळ घडवायला दिले की अडवायला? बेयोनेटा 2 बघ. सेगाकडे तो खेळ बंद पडला होता, निन्टेन्डोनं पैसा घातला म्हणून 2014 मध्ये वी यूवर आला. तेव्हा लोक चिडले, आमच्या यंत्रावर का नाही म्हणून. पण निन्टेन्डो नसती तर तो कुठल्याच यंत्रावर नसता. याच्या उलट राइज ऑफ द टूम रेडर. आधीचा भाग सगळीकडे होता, पुढचाही तसाच येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मायक्रोसॉफ्टनं करार केला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तो फक्त एक्सबॉक्सवर आला. प्लेस्टेशनवाल्यांना ऑक्टोबर 2016. ज्यांनी आधीचा भाग विकत घेऊन त्या मालिकेला आधार दिला, त्यांनाच जवळजवळ वर्षभर दाराबाहेर उभं केलं. हे मला अजिबात पटत नाही, कुठलीही कंपनी करो.

आबा: ही कसोटी चांगली आहे मुक्ता. घडवला की अडवला.

शेखर: पटलं. पण मग निन्टेन्डोनं जुन्या काळी काय केलं तेही सांग.

मुक्ता: तेही अडवणंच! ऐंशीच्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डोचं परवानापत्र घ्यायचं तर वर्षाला पाचच खेळ काढायचे, आणि तो खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. यंत्रात चिपच बसवली होती, परवान्याशिवायची कॅसेट चालायचीच नाही. खेळ लिहिणारे दुसरे, पैसे त्यांचे, आणि बंदी निन्टेन्डोची.

अद्वैत: मग हॅलो? तो घडवला की अडवला?

मुक्ता: हॅलो दोन्ही आहे अद्वैत. 2000 मध्ये मॅकवाल्यांकडून काढून घेतला, हे खरं. पण नंतरची वीस-पंचवीस वर्षं त्याच कंपनीनं पैसा घालून मालिका चालवली. आता तो खुला होतोय तर मला आनंद आहे. फक्त 'सगळीकडे गेलं की सगळं ठीक' असं कुणी म्हटलं की मला हाय-फाय रश आठवतो. मार्च 2024 मध्ये तो प्लेस्टेशनवर आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि मे महिन्यात तो बनवणारा टँगो स्टुडिओ बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी नीट बोलत नव्हतं. ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कंपनीनं तो स्टुडिओ घेतला म्हणून टीम वाचली. चांगला खेळ, नवं गिऱ्हाईक, तरी दोन महिन्यांत कुलूप.

सुनीता: तेव्हा तू चार दिवस जेवायला पण नीट बसत नव्हतीस. मला कारण आज कळलं.

शेखर: हेलडायव्हर्सचं ते खात्याचं प्रकरण पण सांग.

मुक्ता: हो. मे 2024. पीसीवर आधीच विकत घेतलेल्या लोकांना सोनी म्हणाली, प्लेस्टेशनचं खातं जोडा नाहीतर खेळता येणार नाही. कित्येक देशांत तसं खातं उघडायची सोयच नव्हती! लोक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. मल्टिप्लॅटफॉर्म, म्हणजे सगळ्या यंत्रांवर, म्हणायचं तर दार पूर्ण उघडा, एवढंच माझं म्हणणं.

अद्वैत: ताई, मग मी एक्सबॉक्स विकू का?

मुक्ता: का विकायचा? तुझे सगळे खेळ त्या खात्यावर आहेत, ते दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर येणार नाहीत. आणि स्पायडरमॅन माझ्याकडे पीसीवर आहे, तो माझ्याकडे येऊन खेळ. नव्या हॅलोचं जाहीर झालेलं नीट वाच. ऑनलाइन चौघांना एकत्र खेळता येणार, आणि क्रॉसप्ले आहे. तू एक्सबॉक्सवर, तुझा तो वर्गातला मित्र प्लेस्टेशनवर, मी पीसीवर. एकाच मोहिमेत.

अद्वैत: खरंच? म्हणजे मी आणि तो एकत्र? हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेखर: तीन झाले. चौथा मी. 2001 चा हॅलो मी मित्राच्या घरी एकाच टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या पडद्यात खेळलोय, दुसरी लेव्हल अजून डोळ्यांसमोर आहे.

सुनीता: आणि मी?

मुक्ता: कन्सोलवर एका पडद्यावर दोघांची सोय आहे आई. तू अद्वैतच्या शेजारी बस, तो कंट्रोलर शिकवेल.

अद्वैत: आत्या, माझ्याकडे दुसरा कंट्रोलर आहे. फक्त सेल नवे लागतील.