नाताळ जवळ आला की आनंद आणि उदासी एकदमच येतात. तुमचं काय होतं?

जालन्याची लेक

सगळ्यांना सलाम. मी मूळची जालन्याची, लग्नानंतर कल्याणला. डिसेंबर लागला की ऑफिसात सगळे म्हणतात, "तुमचा सण आला, मजा आहे!" मजा आहेच, पण घशाशी काहीतरी दाटूनही येतं. ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी फराळ. आई आणि शेजारच्या काकू आळीपाळीनं एकमेकींच्या घरी करंज्या लाटायच्या. नानखटाईचं सामान बेकरीत न्यायचं आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून तिथेच उभं राहायचं, हे काम आम्हा पोरींचं. रात्री नाताळची गाणी गात घरोघर जाणारी कॅरल फेरी निघायची. पेटी, ढोलकी, झांजा आणि पुढे काठीला बांधलेला तारा. जालन्याची थंडी अशी की पेटीवाल्या दादांची बोटं आखडायची; कुणीतरी चहा आणला की ते आधी पेला दोन्ही हातांत धरून बसायचे. सकाळी चर्चमधली भक्ती झाली की ताटं वाटायला निघायचं. दिवाळीत मारवाडी काकूंकडून, ईदला समोरच्या चाचींकडून आलेलं असायचं, आणि आईच्या मते कुणाचं ताट रिकामं परत जाता कामा नये.

आई आता नाही. वडील भाऊ-वहिनीसोबत तिथेच असतात. वहिनी सगळं मनापासून करते, आईच्याच पद्धतीनं सारणाचं खोबरं भाजते, आणि नेमका तोच वास मला सोसत नाही. सकाळी कबरस्तानात फुलं वाहून यायचं आणि दुपारी पाहुण्यांना हसतमुखानं वाढायचं, हे दोन्ही एका दिवसात कसं पेलायचं कळत नाही. इकडे माझ्या मुलाला मॉलमधला सांता हवा असतो. त्याच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याला ढोलकीवरची कॅरल माहीतच नाहीत, ह्याचं वाईट वाटतं.

न जावं तर वडील वाट बघतात. तुम्ही मोठेपणी हे कसं निभावता?

पाळकांचा मुलगा (संभाजीनगर)

सलाम ताई. 25 तारखेवरच का अडता? नाताळच्या तयारीचे, म्हणजे आगमनकाळाचे चार रविवार आधी असतात आणि नाताळचा काळ पुढे 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत येतो. आमच्या घरी 25 ला बाबा आमचे नसायचेच, ते पाळक म्हणून चर्चच्या मंडळीचे असायचे. आमचा खरा नाताळ नवीन वर्षाची भक्ती उरकल्यावर व्हायचा. तुम्हीही जानेवारीत जा, वडिलांशी निवांत बोलणं होईल. मुलाला सांताच्या मागची गोष्ट जरूर सांगा. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. त्यांचा दिवस 6 डिसेंबर. गरिबांना गुपचूप मदत करणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांची आठवण ठेवली, हे लेकरांना पटतं.

बीडकर मास्तर

दादांचं बरोबर आहे, पण म्हाताऱ्या माणसाला 25 म्हणजे 25 च, ताई.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही. नाताळात गावातल्या चर्चमध्ये आजी आणि आम्ही लेकरंच. भाषण पाठ केलेलं असायचं, ऐकायला आईबाप नसायचे. तिकडं कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, आई कागदाचा तारा लावायची अन् पहाटे कोयता घेऊन फडात जायची. सुट्टी कोण देणार? आगाऊ पैशांची उचल घेतलेली. आमच्या करंज्या ते परत आले की व्हायच्या, भर उन्हाळ्यात.

आता मला नोकरी आहे, दोघंही घरी असतात. 25 ला आई पहिल्या बाकावर बसलेली बघितली की लई बरं वाटतं, आणि तेवढ्यात त्या वर्षांचा रागही येतो. दोन्ही येतं. मी येऊ देतो. तुमचे वडील आहेत तोवर जाऊन या.

येळवसवाली (लातूर)

मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं वाचून राहवलं नाही. आमचा शेतातला सण येळवस मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे बहुतेक याच दिवसांत. 2024 ला तर 30 डिसेंबरलाच आली होती. शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आमची आई गेल्यावर जाऊबाईंनी आंबील केली आणि माझ्या घशाखाली उतरेना. पुढच्या वेळी मी म्हटलं, आंबील मी घुसळते. हात कामात असले की रडू आलं तरी ते कामातच जिरतं, कुणी विचारत बसत नाही. तुम्ही वहिनींना सांगा, सारण मी भाजणार. त्यांनाही हलकं वाटेल. सासूची जागा भरून काढायचं ओझं त्यांनी एकटीनं का वाहायचं?

जालन्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पाळकदादा, वडिलांसाठी या वर्षी 25 ला तिथेच असणार. 6 जानेवारीपर्यंतचा काळ मुलाला सांगून ठेवलाय, तो खूश आहे.

वहिनीला फोन केला. सारणाचं ऐकून ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "खोबरं किसून ठेवते, पण भाजताना मी शेजारी बसणार." कॅरल फेरी 23 च्या रात्री आहे आणि मुलाला ती दाखवायचीच आहे. दुपारची वंदे भारत वेटिंगला गेलीय, म्हणून आदल्या रात्रीची देवगिरी बघतेय. रजेचा अर्ज आज दिला.