लागवडीचे वन: चीन आणि भारत

‘चीनने जंगले लावली, भारताने केवळ घोषणा केल्या’ असे म्हटले जाते. ते मला अर्धेच पटते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९० ते २०२० या काळात चीनचे लागवडीचे (म्हणजे माणसाने झाडे लावून वाढवलेले) वनक्षेत्र चार कोटी हेक्टरांहून थोडे अधिक होते, ते सुमारे साडेआठ कोटींवर गेले, तर भारताचे सुमारे ५७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांच्या आसपास पोहोचले. म्हणजे वाढीचा दर भारतात कमी नाही. अंतर आहे ते मूळ आकारमानात.

चीनमध्ये वाळवंट रोखण्यासाठी १९७८ पासून उत्तरेकडे वृक्षपट्टे लावले गेले, आणि १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर उतारावरची शेती सोडणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य व रोख रक्कम देऊन तेथे झाडे लावून घेतली गेली. (तिथली जमीन सामूहिक मालकीची असल्याने हे सोपे गेले, हे विसरू नये.)

मात्र भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांतील ‘वनाच्छादन’ या आकड्याशी ही तुलना करू नये, कारण एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर किमान दहा टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली असली की मालकी कोणाचीही असो, कोकणातली आंब्याची बागसुद्धा त्यात मोजली जाते. उपग्रहांवरून दिसणारी हिरवाई तर आणखी फसवी: २००० ते २०१७ दरम्यान भारतात वाढलेल्या हिरवाईपैकी सुमारे ८२ टक्के वाटा शेतीचा होता, चीनमध्ये ४२ टक्के वनांचा.