मदत हवी आहे: क्रॉसमॅचचं लेबल पिशवीवर टिकत नाही

रक्तपेढीवाला: क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त रुग्णाला जुळतं का ही चाचणी) झाल्यावर लावलेलं लेबल सुटतंय. काल वॉर्डातून पिशवी परत आली, लेबल अर्धं लोंबतंय, रुग्णाचा नोंदणी क्रमांक वाचताच येत नाही. ओटीवाले डोकं खातायत. कुठल्या कंपनीचं लेबल घ्यावं? लवकर सांगा.

शिरीष_लॅब: चिकटवायचं की बांधायचं? छापील की पेनाने? पिशवी कशाने पुसता?

रक्तपेढीवाला: चिकटवायचंच हो. साधा थर्मल प्रिंटर. पिशवी फ्रीजमधून काढून कोरडी करतो, लेबल लावलं की वरून स्पिरिटचा बोळा. सगळेच करतात.

शिरीष_लॅब: मग कंपनी बदलून काय होणार? स्पिरिटने थर्मल छपाई बिघडते!

बापू७१: वरून सेलोटेप मारा. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो, काही झालं नाही.

मेघा_पॅथॉलॉजी: बापू, कृपा करा. 2 ते 6 अंशांतून बाहेर आलेल्या पिशवीला पाणी सुटणारच, टेपही निघते. वर मूळ लेबलावरचा युनिट क्रमांक, म्हणजे पिशवीचा नंबर, आणि मुदत झाकली गेली तर? टॅग बांधा. नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, रुग्णाचा गट, युनिट क्रमांक, त्याचा गट, क्रॉसमॅचचा निकाल, तारीख, सही. आणि मार्करने पिशवीवर लिहू नका, शाई प्लास्टिकमधून आत उतरू शकते.

बापू७१: टॅग ओढला की तुटतो. टेप निदान जागेवर राहते.

मेघा_पॅथॉलॉजी: जागेवर राहते, पण कुठल्या पिशवीच्या?

सिस्टर_माई: तुमचं चालू द्या. आमच्या नव्या मुली निळं लेबल ओ, पिवळं ए, गुलाबी बी, पांढरं एबी एवढं बघून पिशवी टांगायला निघतात. खाटेशी दोघींनी नाव-नंबर मोठ्याने वाचा म्हटलं की तोंडं वाकडी.

अमोल_प: काकांना बी निगेटिव्ह हवंय, कुणाकडे आहे का?

शिरीष_लॅब: ई-रक्तकोषवर (रक्तसाठ्याची सरकारी साइट) बघा, इथे नको.

रक्तपेढीवाला: टॅग बांधायचा कुठे? पिशवीला खाली चीर असते ती का? खरेदीला कागद टाकला तर दिवाळी उजाडेल, तोवर सुतळी चालेल?

मेघा_पॅथॉलॉजी: तीच चीर. सुतळी भिजते, जाड दोरा घ्या. पण कालची पिशवी 30 मिनिटांत परत आली होती का? नाहीतर ती पुन्हा साठ्यात घेता येत नाही. तिचं काय केलंत?

रक्तपेढीवाला: ते मी विचारलंच नाहीये. दोरा सुती की नायलॉन?